शिरगणती आणि सत्ता : डेट्रॉइट ते औंढा
(औंढा नागनाथ येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २ ऑगस्ट २०२२ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान झालं. तेराव्या मतदारसंघात नऊ जण रिंगणात होते. त्यांतल्या एकाचा जन्म चिकोडीचा, बालपण बेळगावचं. १९७९ साली शिकायला अमेरिकेत गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, प्रयोगशाळांच्या धंद्यात पडले, एकदा पार बुडाले आणि पुन्हा उभे राहिले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र महाराष्ट्रात घरोघरी वाचलं गेलं. ते म्हणजे श्री ठाणेदार. त्या दिवशी त्यांना मतं पडली साधारण अठ्ठावीस टक्के, आणि तेवढ्यावर उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरची मुख्य निवडणूक त्यांनी आरामात जिंकली आणि जानेवारी २०२३ मध्ये बेळगावचा हा मुलगा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसला.

इकडे मराठी वर्तमानपत्रांनी आनंद साजरा केला आणि तो साहजिक होता. तिकडे याच मतदारसंघातल्या डेट्रॉइटमध्ये मात्र दुसरीच चर्चा चालली होती. ज्या शहरात चारांपैकी तीन माणसं कृष्णवर्णीय, त्या शहराला १९५५ नंतर प्रथमच वॉशिंग्टनमध्ये एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नव्हता. एकाच निकालाने एका समाजाला आपण पोचल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्याला आपण बाहेर पडल्यासारखं.

हा निकाल लागला कसा? ठाणेदारांनी निवडणुकीत स्वतःचा पैसा ओतला, हे खरं. कृष्णवर्णीय मतं अनेक उमेदवारांत वाटली गेली, हेही खरं. पण ही वरवरची कारणं झाली. खालची कारणं शंभर वर्षं जुनी आहेत आणि ती माणसांच्या ये-जा करण्याशी निगडित आहेत. औंढ्यासारख्या गावात बसून अमेरिकेची ही गोष्ट समजून घ्यायची, ती याच कारणासाठी. माणसं हलली की सत्ता हलते असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात मधे तीन टप्पे असतात: मोजणी, आखणी आणि हजेरी. माणसं मोजली कुठे जातात, मतदारसंघाच्या रेषा कोण आखतं, आणि मतदानाच्या दिवशी प्रत्यक्ष हजर कोण असतं, यावर सगळं ठरतं. या तीन टप्प्यांत जो समाज गळतो, तो संख्येने कितीही मोठा असला तरी राजकारणात लहान ठरतो.

डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. १९१० ते १९७० या साठ वर्षांत अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या शहरांत आले. कापसाची शेतं, कर्ज आणि वर्णद्वेषी कायदे मागे टाकून फोर्डच्या आणि डॉजच्या कारखान्यांत रोजगारासाठी आलेली ही माणसं. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेअठरा लाख होती. मग गोरी कुटुंबं उपनगरांत सरकली, कारखाने गेले, कर भरणारे गेले. १९७३ साली शहराने पहिला कृष्णवर्णीय महापौर निवडला तेव्हा सत्ता हातात आली, पण तिजोरी रिकामी होत चालली होती. पुढे कृष्णवर्णीय मध्यमवर्गही उपनगरांकडे वळला. २०२० च्या जनगणनेत शहरात उरले जेमतेम सहा लाख एकोणचाळीस हजार. म्हणजे सत्तर वर्षांत तीनातली दोन माणसं गेली.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या आकड्यांवर प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा राज्याराज्यांत नव्याने वाटल्या जातात. ही जनगणना १७९० पासून चालू आहे. सुरुवातीला गुलामांची मोजणी तीन पंचमांश माणूस अशी होत असे, हेही अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं. मोजणी हा तिथे पहिल्या दिवसापासून राजकारणाचा गाभा आहे. २०२० च्या मोजणीत टेक्सासच्या दोन जागा वाढल्या. कॅलिफोर्नियाची इतिहासात पहिल्यांदाच एक जागा कमी झाली. न्यूयॉर्क राज्याचीही एक जागा गेली, आणि ती किती माणसांनी गेली? आणखी ८९ माणसं मोजली गेली असती तर जागा राहिली असती. दोन कोटींच्या राज्यात ८९ माणसं म्हणजे एखाद्या इमारतीतले रहिवासी. प्रगणकाला दार न उघडलेली दोन-चार डझन घरं एक खासदार घालवू शकतात, हे न्यूयॉर्कने जगाला दाखवलं.

मिशिगनच्याही चौदाच्या तेरा जागा झाल्या. मग रेषा नव्याने आखायची वेळ आली. २०१८ च्या सार्वमताने ते काम आमदारांकडून काढून सामान्य नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाकडे दिलं होतं. हेतू चांगला होता. पण आयोगाने डेट्रॉइटचे तुकडे करून ते उपनगरांना जोडले. परिणामी कृष्णवर्णीय मतदार अनेक मतदारसंघांत विखुरले. राज्य विधिमंडळाचे असे १३ मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखल्याचं सांगत फेडरल न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ते रद्द केले. ठाणेदारांची उमेदवारी या सगळ्या गुंत्यातून वर आली. त्यात त्यांचं कर्तृत्व आहेच, पण त्यांना वाट करून दिली ती मोजणीने आणि आखणीने.

मग मोजणी माहीत असेल तर निकाल आधीच सांगता येईल का? अमेरिकेतल्या पंडितांना काही वर्षं तसं वाटत होतं. १९६५ च्या कायद्याने तिथलं स्थलांतराचं दार उघडलं. १९७० साली परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होतं, ते आता चौदा टक्क्यांच्या आसपास गेलं आहे. २००२ साली जॉन ज्युडिस आणि रुय टेक्सेरा यांनी पुस्तक लिहून भाकीत केलं की स्थलांतरित, अल्पसंख्य आणि शिकलेला शहरी वर्ग वाढत जाईल तसतसं डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत पक्कं होत जाईल. गणित बिनतोड वाटत होतं. पण २०२४ साली मेक्सिकोच्या सीमेवर, टेक्सासमधल्या स्टार काउंटीत, जिथे जवळजवळ सगळी वस्ती हिस्पॅनिक आहे, रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला बहुमत मिळालं. १८९२ नंतर प्रथमच.

डेट्रॉइटच्या पोटात हॅमट्रॅमिक नावाचं छोटंसं वेगळं शहर आहे. एके काळी ते पोलिश कामगारांचं. शंभर वर्षं तिथला प्रत्येक महापौर पोलिश वंशाचा होता. पोलिश गेले, येमेनी आणि बांगलादेशी आले. २०२१ साली महापौर आणि सगळी नगर परिषद मुस्लिम झाली. उदारमतवाद्यांनी स्वागत केलं. दोन वर्षांत त्याच परिषदेने शहराच्या जागांवर समलिंगींचा ध्वज लावायला बंदी घातली, आणि २०२४ मध्ये महापौरांनी डोनाल्ड ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला. नव्या वस्तीला गृहीत धरलेल्यांचे हिशेब चुकले. माणूस कुठल्या जातीचा, वंशाचा, धर्माचा एवढं कळलं म्हणजे तो मत कुणाला देणार हे कळलं, असं समजणाऱ्यांची फसगत औंढ्यातही होते आणि टेक्सासमध्येही.

राजकारणाच्या खाली समाजजीवनही सरकतं आहे. गॅलप संस्थेच्या पाहणीत २०२० साली चर्चचं सदस्यत्व असलेल्या अमेरिकनांचं प्रमाण पहिल्यांदाच निम्म्याखाली, ४७ टक्क्यांवर आलं. एकट्या माणसाचं घर ही तिथे सर्वसाधारण गोष्ट झाली आहे. जुन्या सभा, मंडळं, कामगार संघटना ओस पडत असताना नव्याने आलेले मात्र आपली मंडळं बांधत असतात. मराठी माणसांनीही तेच केलं. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं, रविवारी मराठी शाळा भरतात, गणपती बसतो. या मंडळांनी भाषा जपली, जेवण जपलं, नाटक जपलं. मात्र स्थानिक शाळा मंडळाच्या, नगर परिषदेच्या निवडणुकीत उभं राहायचं, शेजारच्या कृष्णवर्णीय किंवा पोलिश माणसाच्या प्रश्नावर बोलायचं, ही सवय त्या मानाने फार उशिरा लागली. पहिली पिढी घर लावण्यात गेली.

आता औंढा. औंढा ज्यात येतं तो हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. २०११ च्या गणनेत जिल्ह्याची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातली शहरी वस्ती जेमतेम पंधरा टक्के. नागनाथाच्या दर्शनाला देशभरातून माणसं येतात. विसोबा खेचरांचं नाव इथल्या देवळाशी जोडलेलं, नामदेवांचं नरसी याच जिल्ह्यातलं, आणि नामदेव थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. म्हणजे येणं-जाणं या मातीला नवं नाही. फरक एवढाच, की आज जाणाऱ्यांत वारकऱ्यांपेक्षा कामगार जास्त आहेत.

डेट्रॉइटशी तुलना दूरची वाटेल, पण एक आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी मुलं १.७ निघाली. अमेरिकेचा आकडा १.६ च्या आसपास आहे. म्हणजे मुलं किती, या बाबतीत मराठवाड्याचं राज्य आणि मिशिगनचा देश जवळपास एका पायरीवर आले आहेत. 'लोकसंख्येचा विस्फोट' या विषयावर शाळेत निबंध लिहिलेली पिढी अजून पारावर बसलेली आहे, आणि समोरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट वीसच्या खाली गेला आहे. राज्यात अशा हजारो शाळा आहेत. त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्ये सरकारने मांडला तेव्हा गावोगावी विरोध झाला. शाळा गेली की मास्तर जातो, पंधरा ऑगस्टचा झेंडा जातो, बहुतेक वेळा मतदान केंद्रही दुसऱ्या गावाला जातं.

मुलं कमी झाली, त्यात मुली आणखी कमी. २०११ मध्ये बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८०७. त्या वेळची पोरं आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही मराठवाड्यातल्या प्रत्येक सोयरिकीच्या बैठकीतली पहिली ओळ झाली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. वर्तमानपत्रांना गमतीचा फोटो मिळाला. पण तिशी ओलांडलेला, जमीन तुटपुंजी, नोकरी नाही, लग्न नाही, असा तरुण जिथे मोठ्या संख्येने असतो तिथलं राजकारण संतापाचं होणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि आठवडाभरात सगळा मराठवाडा पेटला. त्या गर्दीत आरक्षणाच्या मागणीइतकंच हे साचलेलं वयही रस्त्यावर उतरलं होतं.

आणि इथेही वाद येऊन थांबला तो मोजणीशीच. मराठा कुणबी आहे की नाही, याचा पुरावा निजामाच्या काळातल्या नोंदींत शोधला गेला. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मोडीतली आणि उर्दूतली दप्तरं चाळली. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे शासन निर्णय निघाला आणि ओबीसी संघटना लगेच विरोधात उभ्या राहिल्या. ज्या कारकुनाने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावातली घरं मोजून जातीचा रकाना भरला, त्याला आपण पुढच्या शतकातल्या नोकऱ्यांचा आणि निवडणुकांचा निकाल लिहितो आहोत, याची कल्पना नव्हती. दुसरीकडे ओबीसींचं राजकीय आरक्षणही आकड्यांअभावी अडकलं. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मागासलेपणाचा ताजा, प्रत्यक्ष तपशील द्या, मग आरक्षण. राज्याकडे तो नव्हता. त्या पेचात जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगर परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकाच्या हाती राहिल्या. नगर परिषदांचं मतदान झालं ते थेट २ डिसेंबर २०२५ ला. एक रकाना भरलेला नव्हता, म्हणून गावाला सदस्य नव्हता.

काही बदल मात्र रकान्यांनी घडवलेसुद्धा. २०११ पासून महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंचबाईंच्या खुर्चीवर नवरा बसतो ही चेष्टा अजून चालते आणि पुष्कळ ठिकाणी ती खरीही आहे. पण ज्या घरातून सासू सदस्य होती त्या घरातली सून ग्रामसेवकाला खर्चाचा हिशेब विचारते, हेही खरं आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत लढवता येत नाही, हा नियम तर थेट पाळण्यातून राजकारणात पोचतो.

हजेरीचा टप्पा सगळ्यात कमी बोलला जातो. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या वर धरली जाते. बीडचं नाव पुढे असतं, पण हिंगोली, परभणी, नांदेड, जालन्यातूनही टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, पीठ, सरपण, कोंबड्या, शाळेत नाव असलेली दोन लेकरं आणि रांगता तिसरा असं बिऱ्हाड चढतं ते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उतरतं. फडाजवळ कोप्या पडतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते, गाडी भरेपर्यंत दिवस मावळलेला असतो. परत यायला पाडवा उजाडतो.

आता हे वेळापत्रक लोकशाहीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. २६ एप्रिल २०२४ ला हिंगोली लोकसभेचं मतदान झालं तेव्हा बहुतेक कोयते गावी परतलेले होते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. दिवाळी होऊन गेलेली, टोळ्या निघालेल्या किंवा निघायच्या बेतात. २६ जानेवारीची ग्रामसभा हे लोक दरवर्षी चुकवतात. घरकुलाच्या यादीवर चर्चा होते तेव्हा ज्याला घरकुल हवं तो साडेतीनशे किलोमीटरवर मोळ्या बांधत असतो. पुण्यात, चाकणला, वाळूजला कंपनीत गेलेल्या पोरांचं वेगळं. ग्रामपंचायतीच्या मतदानाला त्यांच्यासाठी उमेदवार गाड्या पाठवतो, कारण तिथे वीस मतांवर निकाल फिरतो. लोकसभेला त्यांना कुणी गाडी पाठवत नाही. मतदारयादीत नाव गावाला, देह शहराला, आणि दोन्हीकडचा नगरसेवक-सदस्य त्यांना आपला मानत नाही.

आखणीची गोष्ट आपल्याकडे अमेरिकेच्या उलट आहे. तिथे दर दहा वर्षांनी जागा हलतात. इथे राज्यांच्या लोकसभेच्या जागा १९७१ च्या गणनेवर थिजवून ठेवल्या आहेत, आधी १९७६ च्या घटनादुरुस्तीने आणि मग २००२ च्या. महाराष्ट्राच्या ४८ च्या ४८. रेषा तेवढ्या २००८ मध्ये बदलल्या. आज हिंगोलीचा मतदारसंघ तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे: नांदेडचे किनवट आणि हदगाव, यवतमाळचा उमरखेड त्यात आहेत. अमेरिकेचा एक प्रतिनिधी साडेसात लाखांच्या थोड्या वर माणसांमागे असतो. हिंगोलीच्या खासदारामागे नुसते मतदारच अठरा लाखांच्या घरात आहेत.

औंढ्यात नवी माणसंही येणार आहेत. दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वलहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहते आहे. तिला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली. तिच्या बहिणी अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनला आहेत. शास्त्रज्ञ येतील, त्यांची मुलं शाळेत जातील, जमिनीचे भाव चढतील. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, काढणीला आणि शिजवणीला मजूर बाहेरून येतात. म्हणजे एका रस्त्याने कोयता जातो आणि दुसऱ्या रस्त्याने डॉक्टरेट येते. या येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची गाठ गावाच्या कारभारात कुठे पडणार, हे आत्ता ठरवायचं आहे.

कारण मोजणी तोंडावर आली आहे. २०२१ ची राहिलेली जनगणना आता २०२७ मध्ये होते आहे आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती मोजल्या जाणार आहेत. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ दिनांक १ मार्च. फेब्रुवारी म्हणजे गाळप हंगामाचा भर. २०११ च्या गणनेचा नियम असा होता की मोजणीच्या सगळ्या काळात जो घरापासून दूर असेल त्याला घरी मोजायचं नाही, तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. उसाच्या फडावरची कोपी प्रगणकाला सापडली तर ठीक. नाही सापडली तर तो माणूस ना कोल्हापूरचा, ना औंढ्याचा. आणि सापडली तरी त्याचं डोकं कारखान्याच्या गावाच्या खात्यावर जाणार. पुढे याच आकड्यांवर मतदारसंघांची पुनर्रचना होईल, २०२३ च्या घटनादुरुस्तीने दिलेलं महिलांचं एक तृतीयांश आरक्षण अमलात येईल, शाळा-दवाखान्यांचे निकष ठरतील.

न्यूयॉर्कची जागा ८९ माणसांनी गेली. औंढा तालुक्यातल्या एकेका तांड्यावरून त्याहून जास्त माणसं दरवर्षी फडावर जातात. म्हणून ग्रामपंचायतींना एवढंच सांगणं आहे. ऊसतोड कामगारांची नोंद आणि ओळखपत्रं ग्रामसेवकामार्फत व्हायची आहेत, तेच काम २०२६ च्या दसऱ्याच्या आत पुरं करा. कुठला कोयता कुठल्या मुकादमाबरोबर कुठल्या कारखान्याला निघाला, घरात मागे कोण राहिलं, याची गावनिहाय यादी तयार ठेवा. तिची एक प्रत तहसीलदारांकडे द्या, एक त्या कारखान्याच्या तालुक्याला पाठवा. आणि निघणाऱ्या प्रत्येक टोळीला सांगा, की फेब्रुवारीत कोपीवर सरकारी माणूस आला नाही तर तुम्ही त्याच्याकडे जायचं.